कुंडी कोणती घ्यावी? वाचकांचे प्रश्न, बागतज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये कुंड्यांविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. झाड पिवळं पडलं किंवा फुलं येईनाशी झाली की आपला हात आधी खताकडे आणि मग औषधाकडे जातो. कुंडीकडे लक्ष जातं ते अगदी शेवटी. जमिनीतल्या झाडाची मुळं पाणी आणि गारवा शोधत लांबवर पसरतात. कुंडीतल्या मुळांना ती सोय नाही. त्यांना मिळणारं पाणी, हवा आणि ऊब कुंडीची उंची, रुंदी आणि भिंत ठरवते, म्हणून उत्तरं देताना आम्ही मुळांकडूनच विचार केला आहे.

प्रश्न : रोपवाटिकेत ‘दहा इंची’, ‘बारा इंची’ असं सांगतात. कोणत्या झाडाला किती इंची कुंडी लागते?

इंच म्हणजे कुंडीच्या तोंडाची रुंदी. त्यावरून आत माती किती मावेल हे कळत नाही, आणि झाडाला गरज असते ती मातीच्या घनफळाची. त्यामुळे विचार लिटरमध्ये करावा. वर-खाली दोन्हीकडचा व्यास आतून मोजा आणि त्यांची सरासरी काढा. त्या सरासरीचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.७८५ केलं की घनसेंटिमीटर मिळतात. हजाराने भागलं की लिटर. वर ३० सेंटिमीटर, बुडाशी २० आणि उंची ३० सेंटिमीटर अशा नेहमीच्या बारा इंची कुंडीत साधारण १४.७ लिटर मावतं. पाणी घालण्यासाठी वरची ३ सेंटिमीटर मोकळी सोडली, की प्रत्यक्ष माती तेरा लिटरच्या आतच बसते. वर २५, बुडाशी १७ आणि उंची २४ सेंटिमीटर असलेल्या दहा इंची कुंडीत फक्त ८.३ लिटर. फरक दिसतो दोन इंचांचा, पण माती जवळपास पावणेदोन पट होते. दोन कुंड्यांमध्ये मन अडलं तर हा हिशेब जरूर करून पाहा.

आता झाडांकडे वळू. पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस यांना १५ सेंटिमीटर खोली पुरते. तिथे रुंद, पसरट पेटी उंच कुंडीपेक्षा चांगली. गाजर आणि मुळ्याला ३० सेंटिमीटर तरी खोली हवी, नाहीतर बुडाला टेकून मूळ वाकतं किंवा फाटे फुटतात. मिरचीला १० ते १२ लिटर, वांग्याला १५ ते २०. टोमॅटोच्या झुडपी जाती १२ ते १५ लिटरमध्ये निभावतात, पण उंच वाढत राहणाऱ्या जातींना २० लिटर द्यायलाच हवेत. कमी मातीत टोमॅटो येतो, मात्र दुपारी माती सुकते, संध्याकाळी पाणी मिळतं, आणि या चढउतारात झाड फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचवू शकत नाही. फळाच्या खालच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो यामुळे. वरून कॅल्शियम फवारून फारसं साधत नाही. मोठी कुंडी आणि नेमाने पाणी हाच त्यावरचा उपाय.

फुलझाडांत मोगऱ्याला १२ ते १५ लिटर, गुलाबाला १५ ते २० लिटर आणि किमान ३० सेंटिमीटर खोली, जास्वंदीला २० ते २५ लिटर धरा. लिंबू १५ लिटरपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने ५०-६० लिटरपर्यंत न्यावं लागतं. कढीपत्त्यालाही शेवटी ३०-४० लिटर लागतात. अडेनियम, कॅक्टस आणि मांसल पानांच्या झाडांना उथळ, पसरट कुंडी शोभते आणि मानवतेही, पण एका अटीवर. ती अट पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : कुंडीच्या तळाशी दोन इंच खडी घातली, तरी माती चिखलासारखी राहते. खडी कमी पडली का?

खडी काढून टाका. तिनेच अडचण वाढवली आहे.

तळाशी खडी, विटांचे तुकडे किंवा खापऱ्या घातल्या की निचरा सुधारतो, ही समजूत फार जुनी आहे आणि बागकामाची आवड असलेली पुष्कळ माणसं ती मनापासून पाळतात. पण पाणी बारीक मातीतून थेट भरड खडीत उतरत नाही. मातीचे कण आपल्यामधल्या बारीक पोकळ्यांत पाणी धरून ठेवतात. खडीतल्या पोकळ्या मोठ्या असल्यामुळे तिची ही ओढ जवळपास नसतेच. म्हणून माती आणि खडी जिथे भेटतात तिथे पाणी थांबतं, आणि वरची माती पूर्ण भिजून जड झाल्यावरच खाली गळू लागतं. कोणत्याही कुंडीत बुडाशी मातीचा एक थर असा पाण्याने भरलेला राहतोच, भोकं कितीही असोत. बारीक, चिकण मातीत हा थर दहा सेंटिमीटरच्या घरात जातो. भरड मिश्रणात दोन-तीन सेंटिमीटरच असतो. खडी घातल्याने हा ओला थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या उंचीएवढा वर सरकतो.

पंचवीस सेंटिमीटर उंच कुंडी घ्या आणि तुमच्या मातीचा ओला थर आठ सेंटिमीटर धरा. खडी नसताना मुळांना हवा मिळते ती १७ सेंटिमीटरमध्ये. पाच सेंटिमीटर खडी घातली की १२ सेंटिमीटरच उरतात.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी निथळेल. स्पंज तोच आणि पाणीही तेच, वाढली ती फक्त उंची. म्हणूनच उंच कुंडी वरच्या भागात कोरडी राहते आणि उथळ कुंडी पार वरपर्यंत ओली. मागच्या उत्तरातली अट हीच : उथळ कुंडीत अडेनियम लावायचं तर मिश्रण भरड हवं. निम्मं पर्लाइट (मातीत मिसळायचे हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) किंवा २ ते ४ मिलिमीटरची चाळलेली भरड वाळू, आणि उरलेल्या निम्म्यात माती व कुजलेलं खत. इथे बारीक वाळू उपयोगाची नाही. ती मातीच्या पोकळ्यांत बसते आणि निचरा आणखी बिघडवते.

तुमच्या कुंडीसाठी करायचं ते असं. झाड काढा, खडी बाजूला करा, भोकांवर डासांच्या जाळीचा एकेक तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही. मग दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत आणि एक भाग पर्लाइट किंवा भरड वाळू एकत्र करून तेच मिश्रण बुडापासून वरपर्यंत भरा. कुंडी जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटर उचलून ठेवा. बूड सपाट लादीवर घट्ट टेकलं की भोकं असूनही बंद होतात, आणि हे सहसा कोणी वाकून पाहत नाही. तळाशी बशी असेल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा.

खडीचा एक उपयोग मात्र खरा आहे : वजन. हलक्या प्लास्टिक कुंडीतलं उंच झाड वाऱ्याने कोलमडत असेल तर ती कुंडी थोड्या मोठ्या, जड कुंडीत बसवा आणि दोन्हींमधल्या फटीत दगड भरा.

प्रश्न : माती, प्लास्टिक, सिमेंट, चिनी माती… झाडासाठी सर्वांत चांगली कुंडी कशाची?

झाडाइतकाच तुमच्या पाणी घालण्याच्या सवयीवर हा निर्णय अवलंबून आहे. ज्यांचा हात सतत झारीकडे जातो, त्यांनी मातीची कुंडी घ्यावी. जे दोन दिवस विसरतात, त्यांना प्लास्टिक सांभाळून घेतं.

भाजलेल्या मातीची, बिनझिलईची कुंडी सच्छिद्र असते. पाणी भिंतीतून बाहेर झिरपतं, उडून जातं आणि जाताना माती गार करतं. त्यामुळे मुळं कुजण्याची भीती कमी होते, पण पाणी प्लास्टिकपेक्षा बरंच वारंवार द्यावं लागतं. कॅक्टस, अडेनियम, ऑर्किड, बोगनवेल यांना ती उत्तम. घेताना बोटाच्या सांध्याने टिचकी मारून पाहा : खणखणीत आवाज आला तर चांगली भाजलेली, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. नवी कुंडी लावणीआधी पाण्यात बुडवून ठेवा आणि बुडबुडे यायचे थांबल्यावरच काढा. कोरडी कुंडी पहिल्या दिवशी मिश्रणातलं पाणी शोषून घेते आणि नुकतं लावलेलं रोप तहानेलं राहतं. जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे भिंतीत मुरलेलं पाणी गोठताना फुगतं आणि कुंडीचे पापुद्रे निघतात. अशा ठिकाणी ती थंडीपुरती आत घ्यावी.

प्लास्टिक हलकं असतं आणि ओल धरतं. त्याचा शत्रू ऊन. स्वस्त, पातळ कुंडी उन्हात ठिसूळ होते आणि कड धरून उचलली की तुकडा हातात येतो. अतिनील किरणांना टिकणारं म्हणून बनवलेलं प्लास्टिक, दोन-तीन मिलिमीटर जाडीची भिंत आणि बाहेर वळवलेली जाड कड, एवढं पाहून घ्या. भरलेली कुंडी नेहमी बुडाखाली हात घालून उचला.

सिमेंटची कुंडी टिकते आणि वाऱ्यात हलत नाही, पण नव्या सिमेंटमधून चुना झिरपत राहतो आणि मातीचा सामू (पीएच) वाढवतो, म्हणजे तिची आम्लता कमी करतो. अनंत, अझेलिया, कॅमेलिया यांसारखी आम्लधर्मी माती मागणारी झाडं अशा कुंडीत पिवळी पडतात : पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या. मातीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. नवी सिमेंटची कुंडी दोन-तीन आठवडे पाण्याने भरून ठेवा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, मग लावणी करा. वरच्या झाडांसाठी मात्र दुसरी कुंडीच बरी.

झिलई दिलेली चिनी मातीची कुंडी ओलीच्या बाबतीत प्लास्टिकसारखीच वागते, फक्त जड आणि देखणी असते. पत्र्याची कुंडी उन्हात तापते आणि बुडापासून गंजते, म्हणून आमची पसंती तिला नाही. सावलीत, आत वेगळी कुंडी ठेवायची असेल तर हरकत नाही. लाकडाची पेटी मुळांना मानवते, कारण लाकूड उष्णता सहज आत जाऊ देत नाही. तिला आतून भोकं पाडलेलं जाड प्लास्टिकचं अस्तर लावा आणि खाली पाय द्या. रेल्वेचे जुने स्लीपर पेटीसाठी वापरू नका; ते क्रिओसोट या लाकूड टिकवणाऱ्या विषारी, डांबरी तेलात मुरवलेले असतात, आणि खाण्याच्या भाजीजवळ ते नकोच.

कापडी ग्रो बॅगचा गुण वेगळा आहे. मुळाचं टोक कापडाशी पोचून हवेला लागलं की सुकतं आणि मागून नवी मुळं फुटतात. त्यामुळे मुळं गोल गोल फिरत नाहीत. बदल्यात उन्हाळ्यात रोज, कधी दोनदा पाणी द्यावं लागतं. बॅग भरल्यावर ओढत नेऊ नका. आतला मुळं आणि मातीचा गोळा मोडतो आणि बारीक मुळं तुटतात.

प्रश्न : पुन्हा पुन्हा कुंडी बदलायला नको म्हणून लहान रोपं थेट मोठ्या कुंडीत लावतो. दोन-तीन आठवड्यांत पानं गळतात. पाणी तर नियमित देतो.

नियमित पाणी मिळतं म्हणूनच. वीस लिटर मातीत बोटभर मुळं असली की ती स्वतःच्या आजूबाजूचं थोडंसं पाणी पितात. बाकीची माती आठवडाभर ओलीच राहते, तिच्यातली हवा संपते आणि बुरशीला जागा मिळते. वरचा थर सुकलेला दिसला की आपण पुन्हा पाणी घालतो, खाली मात्र आधीचंच पाणी शिल्लक असतं. मूळ तपकिरी होतं आणि ओढल्यावर त्याची साल निसटून आत दोऱ्यासारखा धागा उरतो. कुजण्याची ही पक्की खूण.

नवी कुंडी आधीच्या कुंडीपेक्षा व्यासाने ४-५ सेंटिमीटर मोठी असावी. झाड मोठं, ३० सेंटिमीटरच्या पुढच्या कुंडीतलं असेल तर १० सेंटिमीटर मोठी चालते. झपाट्याने वाढणाऱ्या भाज्यांना हा नियम सैल करता येतो. टोमॅटोचं सहा पानांचं रोप थेट २० लिटरमध्ये लावलं तरी महिन्याभरात मुळं ती माती व्यापतात; तोवर पाणी फक्त खोडाभोवती द्यायचं. सावकाश वाढणाऱ्या झाडांना ही सवलत नाही.

बदलण्याची वेळ कशी ओळखायची? भोकांतून मुळं बाहेर डोकावतात, पाणी घातल्याबरोबर खालून निघून जातं, किंवा सकाळी पाणी देऊनही झाड संध्याकाळी मलूल होतं. खात्री करण्यासाठी आदल्या दिवशी पाणी द्या, खोड दोन बोटांमध्ये धरून कुंडी उलटी करा आणि कड टेबलावर हलकी आपटा. गोळा अख्खा निघाला आणि बाहेरून मुळांचं जाळंच दिसलं, की वेळ झाली. माती सुटी होऊन पडली तर झाड परत आत ठेवा, अजून अवकाश आहे.

मुळं गोल फिरलेली असतील तर तशीच लावू नका. ती नव्या मातीत शिरत नाहीत, जुन्याच वळणावर फिरत राहतात आणि वर्षा-दोन वर्षांनी खोडालाच आवळतात. धारदार सुरीने गोळ्याच्या बाजूंना तीन-चार उभे काप घ्या, एक-दोन सेंटिमीटर खोल, आणि तळाची चकतीसारखी झालेली मुळं कापून टाका. मुळं कापली जाताहेत म्हणून जीव हळहळतो, पण झाडाच्या भल्यासाठी हे करायलाच हवं. लावताना गोळ्याची वरची पातळी पूर्वीइतकीच ठेवा. खोडाभोवती जास्त माती चढली तर बुंधा कुजतो. बाजूची माती बोटांनी हलकी दाबा, भरपूर पाणी द्या आणि आठवडाभर सावलीत ठेवा. खत तीन-चार आठवड्यांनी.

प्रश्न : पोट मोठं आणि गळा अरुंद असलेल्या सुंदर कुंडीत जास्वंद लावली. आता काढायची आहे, निघत नाही.

अशा कुंडीतून मोठं झालेलं झाड अख्खं निघत नाही, कारण मुळं पोटात पसरलेली असतात. दोनच वाटा आहेत. कुंडी वाचवायची तर लांब, अरुंद सुरी किंवा करवतीचं पातं कडेने घालून गोळा गळ्याच्या मापाएवढा कापा आणि वरच्या फांद्याही एक तृतीयांश छाटा, म्हणजे उरलेल्या मुळांवर ताण येणार नाही. जास्वंद हे सोसते. झाड वाचवायचं तर कुंडी फोडा. पुढच्या वेळी तोंड बुडापेक्षा रुंद असलेली कुंडी घ्या, आणि या कुंडीत दुसरी साधी कुंडी बसवून झाड ठेवा.

प्रश्न : झिलईच्या कुंडीला तळाला भोक नाही. घरी पाडता येईल का?

येतं, घाई केली नाही तर. कुंडी दुमडलेल्या जाड टॉवेलवर उपडी ठेवा. जिथे भोक हवं तिथे चिकटपट्टी लावा, म्हणजे पातं घसरणार नाही. काच आणि टाइलसाठीचं कार्बाइड टोकाचं किंवा हिऱ्याच्या कणांचं पातं घ्या, १० ते १२ मिलिमीटरचं. ड्रिलचा हातोडा-मोड बंद, वेग सर्वांत कमी. बॅटरीवरचं ड्रिल वापरा, कारण भोकाच्या जागी सतत थेंब थेंब पाणी टाकत राहायचं आहे. पाणी पातं गार ठेवतं आणि धूळही उडू देत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. दाब अगदी हलका. आरपार जायची वेळ आली की आणखी हलका, कारण शेवटच्या मिलिमीटरला जोर लावला की आतल्या बाजूने ढलपा उडतो. तीस सेंटिमीटरच्या कुंडीला अशी तीन-चार भोकं पुरेत. साध्या भाजलेल्या मातीची कुंडी असेल तर ती आधी तासभर पाण्यात भिजवा. तिला दगडी भिंतीसाठीचं नेहमीचं पातं चालतं, हातोडा-मोड तिथेही बंदच.

भोक पाडायचा धीर होत नसेल तर ही बाहेरची शोभेची कुंडी समजा. आत भोकं असलेली साधी कुंडी २-३ सेंटिमीटर उंचीच्या आधारावर ठेवा आणि साचलेलं पाणी ओतून टाका. भोक नसलेल्या कुंडीत थेट लावायला योग्य झाड म्हणजे कमळ किंवा कुमुदिनी.

प्रश्न : माती ओली असूनही दुपारी झाडं माना टाकतात. कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या आहेत, पश्चिमेच्या उन्हात.

मुळं भाजताहेत. काळी भिंत ऊन शोषते आणि तिच्या लगतची माती ५० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. बहुतेक झाडांच्या बारीक मुळांना ४० अंशांच्या पुढे इजा होते, आणि पाणी शोषायचं काम हीच बारीक मुळं करतात. आजूबाजूला पाणी असूनही झाडाला ते घेता येत नाही. अशा वेळी आणखी पाणी घातलं तर तापलेल्या मातीत ती कुजायलाही लागतात. झाड बाहेर काढून पाहा : गोळ्याची पश्चिमेकडची बाजू तपकिरी, पूर्वेची पांढरी दिसेल.

सावली कुंडीला हवी. झाडाला ऊन लागू द्या, पण कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि पश्चिमेच्या कडेला पांढरी पेटी किंवा विटांची ओळ लावा. आणखी चांगला उपाय म्हणजे काळी कुंडी दुसऱ्या फिक्या रंगाच्या कुंडीत ठेवून मध्ये २-३ सेंटिमीटर फट सोडणं. ती हवा उष्णता अडवते. तापलेल्या लादीपासून कुंडी उचलून ठेवा, मातीवर ३-४ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, बुंध्याभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडून. पाणी सकाळी लवकर. संध्याकाळी माना परत वर येत असतील तर दुपारी पाणी घालू नका.

प्रश्न : सज्जात दोन फूट लांब-रुंद-उंच पेटी करून लिंबू लावायचा विचार आहे. वजन पेलेल का?

बांधण्याआधी वजन काढा. साठ सेंटिमीटरच्या घनाकार पेटीत २१६ लिटर माती मावते. बागेतली ओली माती लिटरला साधारण १.६ किलो भरते, म्हणजे जवळपास ३४५ किलो. पेटी आणि झाड वेगळं. हे सगळं ०.३६ चौरस मीटरवर येतं. चौरस मीटरचा हिशेब केला तर साडेनऊशे किलोंच्या पुढे. राहत्या खोल्यांची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपासचा वापराचा भार धरून बांधतात, आणि सज्जा तर एका बाजूने अधांतरी असतो. अशी पेटी संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवू नका.

लिंबाला पेटी एवढी मोठी लागतही नाही. पन्नास लिटरची प्लास्टिक किंवा फायबरची कुंडी, तीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेलं खत आणि पर्लाइटचं हलकं मिश्रण, लिटरला ओलं ०.८ ते ०.९ किलो. एकूण वजन पन्नास किलोंच्या आसपास राहतं. कोकोपीट आधी भरपूर पाण्याने धुऊन क्षार काढलेलं असावं; लिंबाला क्षार सोसत नाहीत. आणि या मिश्रणात स्वतःचं अन्न फारसं नसतं, म्हणून खत थोडं थोडं पण नेमाने द्यावं लागतं. कुंडी कठड्याकडे न ठेवता भिंतीलगत ठेवा. वजन वाचवायला उंच पेटीच्या तळाशी रिकाम्या बाटल्या भरण्याची युक्ती बरेच जण करतात. त्याने वजन घटतं, पण मुळांची खोलीही घटते आणि ओला थर वर येतो. त्याऐवजी पेटीत उपडी कुंडी ठेवून तिच्यावर झाडाची कुंडी ठेवा.

प्रश्न : स्वतः पाणी देणाऱ्या कुंड्या सुट्टीच्या काळात भरवशाच्या आहेत का?

पालेभाज्या, पुदिना, टोमॅटो, पीस लिली यांसाठी होय. कॅक्टस आणि अडेनियमसाठी नाही. खालच्या टाकीतलं पाणी वातीतून किंवा टाकीत उतरलेल्या मिश्रणाच्या भागातून वर चढतं, म्हणून मिश्रणात निम्म्याहून जास्त कोकोपीट हवं. जड माती भरली तर ती वरपर्यंत चिंब होते. वात सुती नको, ती कुजते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची दोरी घ्या. जादा पाणी बाहेर टाकणारं भोक आहे ना, हे विकत घेतानाच पाहा. ते नसेल तर पाऊस पडला की टाकी भरून मुळं बुडतात.

रोप लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पाणी वरूनच द्या, मुळं खाली पोचेपर्यंत. म्हणजे सुट्टीला निघायच्या आदल्या दिवशी अशी कुंडी लावून उपयोग नाही. पाणी सतत खालून वर चढत असल्यामुळे खताचे क्षार वरच्या थरात साठतात आणि पानांच्या कडा करपतात. महिन्या-दोन महिन्यांनी टाकी काढून वरून भरपूर पाणी सोडून ते धुऊन काढा. पाणी भरायच्या नळीवर जाळी बांधा, नाहीतर टाकीत डास होतात.

प्रश्न : रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, टायर यांत भाजी लावली तर चालेल?

डबा पूर्वी कशासाठी वापरला होता, ते आधी पाहा. कीटकनाशक, इंजिन ऑइल, सॉल्व्हंट किंवा तैलरंग ठेवलेला डबा कितीही धुतला तरी भाजीसाठी नको. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची बादलीही आम्ही फुलझाडांसाठीच ठेवू. खाद्यपदार्थांसाठी वापरलेल्या बादल्या आणि पिंपं उत्तम. तळाशी त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा २ किंवा ५ आकडा असेल तर आणखी चांगलं. वीस लिटरच्या बादलीला तळाला ८ ते १० मिलिमीटरची सहा-सात भोकं पाडा, आणि तळापासून एक सेंटिमीटरवर बाजूलाही दोन-तीन. खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा गरम पाणी आणि साबणाने धुऊन हंगामभर वापरता येतो, मग बूड गंजतं. टायरमध्ये भाजी लावू नका. रबर झिजताना जस्त आणि इतर रसायनं मातीत उतरतात. थर्माकोलची पेटी मुळांना गार ठेवते, पण कडा झिजून तिचे मणी मातीत मिसळतात, आणि ते वेचून काढणं अशक्य आहे.

प्रश्न : मातीच्या जुन्या कुंड्यांवर पांढरा थर आला आहे. त्या परत वापराव्यात का?

जरूर वापरा. तो थर पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचा आहे. कोरडा असताना ताठ ब्रशने घासा, मग एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाण्यात अर्धा तास भिजवून पुन्हा घासा आणि स्वच्छ धुवा. आधीचं झाड रोगाने मेलं असेल तर त्यानंतर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात कुंडी दहा मिनिटं बुडवा, हातात मोजे घालून. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून मध्ये कुंडी भरपूर पाण्याने धुवा आणि एक दिवस सुकू द्या. ब्लीचनंतरही ती साध्या पाण्यात रात्रभर ठेवून उन्हात वाळवा. मग लावणीआधी, नव्या कुंडीसारखीच, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा.